एअर रायफलची बॅरल: किती साफ करावी आणि कशाने

कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. गेल्या दिवाळीत घरच्यांनी तिला सेकंडहँड मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल घेऊन दिली, हवेच्या सिलिंडरवर चालणारी. उन्हाळ्यात ६० शॉटचा स्कोअर (दशांश गुणांत) ६१५च्या पुढे जात होता, पण जुलैपासून तो ६०८-६१०वर अडकून बसला आहे. एनसीसीत रायफल चालवलेले काका म्हणतात, रोज ब्रश मारून तेल लावलंच पाहिजे. मुलीचे सर म्हणतात, बॅरलला हातच लावू नका. या दोन मतांच्या मध्ये एकदा शिलाई मशीनचं तेल बॅरलमध्ये घालूनही झालं आहे. आता किती दिवसांनी साफ करायचं, कशाने करायचं आणि पावसाळ्यात काय सांभाळायचं, हे त्यांना हवं आहे.

ताई, थोडक्यात सांगायचं तर तुमच्या मुलीचे सर सत्याच्या जास्त जवळ आहेत. साधारण हजार छर्रे झाल्यावर एकदा, किंवा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या छऱ्यांच्या भोकांचा पुंजका) फुटायला लागल्याचं नक्की झाल्यावर, मागून पुढे ओढलेल्या सुती चिंधीने केलेली सफाई पुरते. ब्रश नको, सळई नको, रोज तेल तर मुळीच नको. मी ठाण्यात बरीच वर्षं मुलांच्या रायफली हाताळतो आहे. छऱ्यांनी खराब झालेली बॅरल माझ्याकडे जवळजवळ येत नाही. येते ती सफाईने खराब झालेली, किंवा पावसाळ्यात बंद केसमध्ये गंजलेली.

काकांचं म्हणणं त्यांनी चालवलेल्या रायफलपुरतं बरोबर आहे. तिच्या काडतुसात दारू जळते. नळीत काजळी बसते, आणि जुन्या प्रकारच्या काडतुसांच्या टोपीतून असे क्षार मागे राहतात की ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि रात्रीतून गंज धरतो. म्हणून फायरिंग झालं की त्याच संध्याकाळी पुल-थ्रू मारायचा (दोरीला बांधलेली चिंधी नळीतून ओढायची), तेलाची चिंधी फिरवायची, ही शिस्त तिथे जन्माला आली आणि ती योग्यच आहे. एअर रायफलमध्ये मात्र काहीच जळत नाही. नुसती कोरडी हवा साधारण अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या छऱ्याला ढकलते. तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, ऊर्जा साडेसात जूलच्या घरात. काजळी नाही, क्षार नाहीत, गोळीवरच्या आवरणाचं तांबं नाही. उरतं फक्त थोडं शिसं आणि छऱ्यावरच्या लेपाची करडी भुकटी.

ही भुकटी कुठे बसते ते कळलं की सफाई कशी करायची तेही आपोआप कळतं. बॅरलचं आतलं माप ४.५ मि.मी. आणि आत पिळाच्या खाचा. बऱ्याच मॅच बॅरलमध्ये अशा १२ खाचा असतात आणि त्यांचा पीळ साधारण ४५० मि.मी.ला एक फेरा इतका सौम्य असतो. बॅरलच मुळी ४२० मि.मी.च्या आसपास, म्हणजे छर्रा बाहेर पडेपर्यंत एक पूर्ण फेराही घेत नाही. छर्रा आत शिरताना त्याचा मागचा पातळ घेर खाचांमध्ये दाबला जातो, तिथे पहिलं शिसं घासलं जातं. दुसरी जागा तोंडाजवळची. चांगल्या बॅरलचे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर मुद्दाम किंचित आवळलेले असतात, मिलिमीटरच्या काही शतांशांइतके, म्हणजे प्रत्येक छर्रा सुटताना एकसारखा धरला जातो. याला चोक म्हणतात. चिंधी ओढताना तोंडाजवळ ती अचानक जड लागते ती या चोकमुळे. पहिल्यांदा साफ करणाऱ्याला वाटतं की अडकली, आणि तो हिसका मारतो. हिसका मारायचा नाही. एकाच ताकदीने, न थांबता ओढत राहायचं.

आणि बॅरलचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे तिच्या तोंडाची आतली कडा, क्राउन. छर्रा बॅरलला शेवटचा स्पर्श करतो तो तिथे. त्या कडेला एका बाजूला केसाएवढी खाच पडली तरी हवा तिथून आधी निसटते आणि प्रत्येक छऱ्याला तिरका धक्का बसतो. ही खाच छऱ्याने पडत नाही. सळई तोंडाकडून घालणाऱ्याने ती पाडलेली असते.

आता स्कोअरचं. १० मीटरच्या टार्गेटवर १०चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका वलयापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. म्हणजे छर्रा पाव मिलिमीटर बाहेर गेला की ०.१ गेला. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या तीन मुलांनी सांघिक सुवर्ण जिंकताना १८९३.७ गुण केले. तो तेव्हाचा विश्वविक्रम होता आणि त्या तिघांत आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील होता. हिशेब केला तर सरासरी शॉटमागे १०.५च्या किंचित वर येते. इतक्या बारीक मापाच्या खेळात बॅरलचा दोष नक्की दिसतो. पण त्याच मापात इतर दहा गोष्टींचे दोषही दिसतात. ६१५वरून ६१०वर येणं म्हणजे शॉटमागे ०.१पेक्षाही कमी फरक. तो बॅरलमुळेच आहे असं धरून चालू नका.

म्हणून चिंधी हातात घेण्याआधी एक चाचणी करा. रेंजवर क्लॅम्प असेल तर उत्तम, नसेल तर टेबल आणि वाळूची पिशवी घ्या. रायफल त्यावर टेकवून, सरांकडून किंवा एखाद्या अनुभवी नेमबाजाकडून, एकाच डब्यातल्या छऱ्यांचे पाच-पाच शॉटचे चार-पाच ग्रुप मारून घ्या. मुलीने जॅकेट घालून उभ्याने मारलेला ग्रुप इथे कामाचा नाही, कारण त्यात रायफलपेक्षा शरीर जास्त मोजलं जातं. चांगली बॅरल आणि जुळणारा छर्रा असेल तर असा ग्रुप भोकात भोक पडल्यासारखा येतो आणि बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजला तर ७ मि.मी.च्या आत बसतो. तसा आला तर बॅरल निर्दोष आहे, तिला तसंच राहू द्या.

मग घसरण कशाची? माझ्या अनुभवात जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पहिला संशय जॅकेट आणि ट्राउझरवर घ्यावा. कॅनव्हास आणि चामडं दमट हवेत नरम पडतं, मुलीला नेहमीचा आधार मिळत नाही आणि ती तो स्नायूंनी भरून काढते. या वयात उंचीही झपाट्याने वाढते. दिवाळीत बसवलेला बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आता आखूड पडत असेल. त्यानंतर रायफलचे स्क्रू बघा: बॅरल-अ‍ॅक्शनला दस्त्याशी बांधणारे, पुढच्या साइटचा (साइट म्हणजे नेम धरायचं साधन), मागच्या साइटच्या रुळाचा. ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क कीने तपासा, अंदाजाने आवळू नका. आणि छर्रे. डबा संपल्यावर दुकानात मिळाला तो दुसरा घेतला का? छऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं डब्यावर लिहिलेलं असतं. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा छर्रा दुसऱ्या मापाचा किंवा दुसऱ्या बॅचचा आला तर ग्रुप बदलतो आणि सगळा दोष बिचाऱ्या बॅरलच्या माथी येतो.

चाचणीत ग्रुप खरंच फुटलेला दिसला, किंवा हजारएक छर्रे होऊन गेले असतील, तर साफ करा. एका डब्यात साधारण ५०० छर्रे येतात. रोज ६०-८० शॉट मारणारी मुलगी आठवड्या-दीड आठवड्यात डबा संपवते. म्हणजे दोन डब्यांमागे एकदा, महिन्यातून जास्तीत जास्त दोनदा. काही चांगले नेमबाज याच्या कितीतरी पट छर्रे होईपर्यंत बॅरलला हात लावत नाहीत आणि त्यांचे ग्रुप उत्तम राहतात. मी मुलांना हजाराचा आकडा देतो तो लक्षात ठेवायला सोपा म्हणून, आणि आपल्या हवेत अधूनमधून आत नजर गेलेली बरी म्हणून.

पद्धत नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. आधी रायफल सुरक्षित दिशेला धरून छर्रा भरायचा लिव्हर उघडा आणि छर्रा आत नाही हे डोळ्यांनी बघा. सिलिंडर उतरवा. सिलिंडर उतरवल्यावरही हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये थोडी हवा उरते. ती रेंजवरच, टार्गेटच्या दिशेने, छर्रा न घालता सोडून संपवा. रायफल घरी आणून मुलगी सफाई करणार असेल तर तिला सांगून ठेवा: सिलिंडर काढला म्हणजे रायफल रिकामी झाली असं नाही. नंतर रायफल अशी टेकवा की तोंड किंचित खाली राहील. त्यामुळे काही थेंब सुटलाच तर तो मागे सील आणि व्हॉल्व्हकडे जाणार नाही.

दोरी म्हणून बाजारात पुल-थ्रू मिळतात, वर प्लॅस्टिकचं आवरण असलेली लवचिक तार असते. ते चांगले. पण आपल्या कोळीवाड्यांजवळ मासे धरायच्या सामानाच्या दुकानात मिळणारा जाड तंगूसही तितकंच काम करतो. साधारण १ मि.मी. जाडीचा घ्या, बॅरलच्या अडीच पट लांब, मधोमध दुमडून फास करा. त्याची दोन टोकं तोंडाकडून आत सरकवत ब्रीचपर्यंत (बॅरलच्या मागच्या टोकापर्यंत) न्यायची नाहीत, हे लक्षात ठेवा, कारण तसं केलं तर फास पुढे राहतो. दुमडलेलं टोक, म्हणजे फास, तोंडाकडून आत घाला आणि छर्रा ठेवायच्या जागेत तो दिसला की चिमट्याने हलकेच वर काढा. चिंधी त्या फासात अडकवा. फासाला मागच्या बाजूने आणखी एक पातळ दोरा बांधून ठेवा. चिंधी मध्येच रुतली तर त्या दोऱ्याने ती परत मागे ओढता येते. हा दोरा नसला की लोक सळई शोधायला लागतात, आणि पुढचं नुकसान तिथून सुरू होतं.

चिंधी मऊ, जुन्या सुती कापडाची हवी. अनेकदा धुतलेलं धोतर किंवा बनियन उत्तम, फ्लॅनेलही चालतं. बँडेजची जाळी नको, तिचे धागे सुटून सीलमध्ये अडकतात. दोन सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि ओढून बघा. सहज सरकला तर किंचित मोठा घ्या, फार जड गेला तर कमी करा. ब्रीचमध्ये शिरवताना चिंधीची घडी बोटाने नीट दाबून आत घाला. तिथे एक रबरी ओ-रिंग असते. चिंधीचा कोपरा तिच्यात अडकून ती जागेवरून निघाली तर हवा गळायला लागते आणि तुम्ही पुन्हा बॅरललाच दोष देता.

आता तोंडाकडून ओढा, बॅरलच्या अगदी सरळ रेषेत. दोरी वाकडी ओढली की ती क्राउनच्या एकाच बाजूवर घासते. दोरी मुठीत घट्ट गुंडाळू नका, तिला बोटांत फिरू द्या, म्हणजे चिंधी खाचांच्या पिळाबरोबर वळत येईल. मागून पुढे, एकाच दिशेने, आणि एक चिंधी एकदाच. आलेली चिंधी परत मागून घातली तर काढलेली घाण पुन्हा आत जाते.

पहिली चिंधी कोरडीच ओढा आणि ती नीट बघा. करडी-काळी असेल तर ते शिसं आणि लेप, ठीक आहे. तांबूस किंवा नारिंगी छटा दिसली तर तो गंज आहे आणि त्याबद्दल पुढे सांगतो. दुसऱ्या चिंधीवर एअरगनसाठीच्या सौम्य क्लीनरचे एक-दोन थेंब, चिंधी ओली न वाटता जेमतेम दमट वाटेल इतकेच. पाच मिनिटं थांबा. मग कोरड्या चिंध्या, ओलसरपणा पूर्ण जाईपर्यंत. तीन-चार पुरतात. चिंधी पांढरीशुभ्र येईपर्यंत ओढत बसू नका. शिशाचा पातळ थर खाचांवर राहणारच, आणि तो राहिलेला चांगला असतो.

चिंधीऐवजी फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्याही मिळतात, ४.५ मि.मी.च्याच. त्या दोरीला लावायचा स्क्रू येतो, तो घेतलात तर काम आणखी सोपं होतं. सिलिंडरच्या रायफलमध्ये एक-दोन कोरडे फेल्ट छऱ्यासारखे मारूनही वरवरची भुकटी निघते. एखादा डबा संपल्यावर रेंजवर असं करायला हरकत नाही. पण फेल्ट मारणं म्हणजे शॉट मारणंच आहे. लेनवर, टार्गेटच्या दिशेने, पुढे कोणी नाही हे बघूनच.

क्राउनच्या पुढे, साइटच्या नळीच्या आत, हवा बाजूला काढणारा एक भाग असतो. तिथे राखाडी थर साचतो. कानात घालायच्या कापसाच्या काडीने तो कोरडाच पुसून घ्या. बॅरलपेक्षा ही जागा जास्त वेळा साफ करायला हवी, आणि नेमकी तीच विसरली जाते.

काय वापरू नये तेही सांगतो. पितळी किंवा ब्राँझचा ब्रश मॅच बॅरलमध्ये लागतच नाही. मऊ शिशासाठी सुती कापड पुरतं, आणि ब्रश चोकमध्ये उलटा फिरवला की त्याची दांडी खाचांवर घासते. बंदुकीसाठीचे तीव्र वासाचे सॉल्व्हंट तांबं काढायला बनवलेले असतात, त्यांतल्या बऱ्याचशांत अमोनिया असतो. आपल्या बॅरलमध्ये तांबं नाही, आणि सील मात्र आहेत. पेट्रोल, थिनर, गंजलेले नट सैल करायचे स्प्रे, यांतलं काहीही नको. खोबरेल तर नकोच, ते वेळाने चिकट होतं. आणि सिलिंडर किंवा भरायच्या जोडणीवर कुठलंही तेल लागू देऊ नका. २०० बारच्या दाबाखाली हवा आणि तेल एकत्र येणं धोक्याचं आहे. तिथे कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच, तेही सांगितल्या जागी.

तुम्ही घातलेल्या शिलाई मशीनच्या तेलाचं काय? घाबरू नका, पोलादाला त्याने काही होत नाही. पण ते राहू देऊ नका. तोंड खाली ठेवून कोरड्या चिंध्या ओढा, शेवटच्या दोन चिंध्या अगदी सुक्या येईपर्यंत. तेल घातल्यानंतर रायफल आडवी किंवा तोंड वर करून ठेवली असेल, तर ब्रीचजवळची जागा आणि ओ-रिंगही कापसाच्या काडीने टिपून घ्या. त्यानंतरही ब्रीचमधून हवा फुसफुसल्यासारखी वाटली तर ओ-रिंग बदलून घ्या. ती स्वस्त असते.

साफ केल्यानंतरचे पहिले छर्रे कुठेही गेले तर काळजी करू नका. खाचांवर शिशाचा थर पुन्हा एकसारखा बसावा लागतो. दहा-वीस छऱ्यांत ग्रुप जमतो, कधी तीसही लागतात. ते झाल्याशिवाय साइटची क्लिक फिरवू नका, नाहीतर मुलगी नुसता शून्य (नेम आणि छर्रा एका जागी आणणारी साइटची जुळणी) शोधत राहील. आणि म्हणूनच स्पर्धेच्या आदल्या दिवशी बॅरल साफ करायची नाही. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सामना असो की शाळेतला, सफाई निदान आठवडाभर आधी झालेली असावी आणि त्यावर दोन-तीन सराव झालेले असावेत.

आता पावसाळा, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे. आपण खाडीच्या काठावर राहतो. जून ते सप्टेंबर हवेत इतकी आर्द्रता असते की कपाटातले कपडेही सादळतात. बॅरल पोलादाची आहे आणि आतून तिला रंग नाही, लेप नाही. रायफलच्या केसमधला फोम ओलावा शोषून घेतो आणि रात्रभर बॅरलला लावून धरतो. त्यात वातानुकूलित रेंजवरून तुम्ही बाहेर पडता. थंड झालेल्या रायफलला बाहेरची दमट हवा लागली की तिच्यावर दव धरतं, आत आणि बाहेर दोन्हीकडे. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब येतात तसंच. म्हणून रेंजमध्येच केस बंद करा आणि घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. तासाभराने, रायफल खोलीइतकी कोमट झाली की उघडा, बाहेर काढा, हाताचा घाम लागलेली जागा सिलिकॉनच्या फडक्याने पुसा, एक कोरडी चिंधी बॅरलमधून ओढा. रोज करायची असेल तर एवढीच एक गोष्ट, तीही फक्त पावसाळ्यात. नंतर रायफल केसबाहेर, कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरलेत असं समजा आणि मंद आचेवर तापवून परत निळे करा.

तेल कधी लावायचं? रायफल दहा-बारा दिवस वापरली जाणार नसेल तेव्हा. गणपतीला गावी जाता ना? घर बंद, पंखे बंद, बाहेर पाऊस. अशा वेळी शेवटच्या कोरड्या चिंधीनंतर हलक्या गन-ऑइलचा एक थेंब घेतलेली चिंधी एकदाच ओढा, आणि लिव्हरला चिठ्ठी बांधा: 'आत तेल आहे'. परत आल्यावर पहिला छर्रा घालण्याआधी दोन-तीन कोरड्या चिंध्या ओढायच्या. तेल असताना मारलेला छर्रा भलतीकडे जातो.

चिंधीवर गंजाची तांबूस छटा आली असेल तर सौम्य तेलाची चिंधी ओढून रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरडी करा. दोन-तीन वेळा असं केल्यावर छटा गेली आणि ग्रुप जमला, तर तो वरवरचा गंज होता. गेली नाही तर घासायला पॉलिश पेस्ट शोधू नका. जाणत्या माणसाकडे न्या, तो आत कॅमेरा घालून बघेल.

ज्यांच्याकडे स्प्रिंगची, बॅरल खाली दुमडून भरायची रायफल आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. त्यात नुसता फेल्ट मारायचा नाही. फेल्ट इतका हलका असतो की पिस्टनला पुढे अडवणारी हवा तयार होत नाही आणि तो जोरात आदळतो. तेलाच्या बाबतीत आणखी कडक राहा. पिस्टनच्या दाबाने आत गेलेलं तेल पेटतं, धूर येतो, जळकट वास येतो आणि सील करपतं. बॅरल उघडी असताना साफ करणं सोपं आहे, पण एक हात बॅरलवर घट्ट ठेवा आणि ट्रिगरजवळ बोट नेऊ नका. बॅरल झटक्यात मिटली तर बोट मोडतं.

शिशाबद्दल दोन शब्द, कारण मुलं आहेत. हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नका. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून करा, हातमोजे घाला, करताना खाणं-पिणं नाही. शिसं प्रामुख्याने तोंडावाटे पोटात जातं. काम झाल्यावर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, रेंजवरून आल्यावरही आधी तेच. सांडलेली भुकटी झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या.

शेवटी, रायफल सेकंडहँड आहे म्हणून दोन गोष्टी लगेच बघून घ्या. क्राउन तपासायला भिंग आणि टॉर्च घ्या, आणि कापसाची कोरडी काडी त्या कडेवरून गोल फिरवा. एखाद्या ठिकाणी कापसाचा तंतू अडकला तर तिथे खाच किंवा बर (धातूचा उठलेला बारीक कंगोरा) आहे, आणि ते चिंधीने जाणार नाही. क्राउन यंत्रावर पुन्हा कापून घ्यावा लागतो. ते काम फक्त ज्याने मॅच बॅरलवर आधी केलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या. दुसरी गोष्ट सिलिंडर. त्यावर बनवल्याची किंवा मुदतीची तारीख कोरलेली असते आणि युरोपियन कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत उलटलेल्या सिलिंडरवर खेळू नये. तो मुदतीत आहे हे बघायची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूवरच असते. तारीख उलटली असेल तर सफाईचा विचार पुढच्या आठवड्यावर ढकला आणि आधी सिलिंडर बदला.